कोठीतल्या मशीनचा नकार

सुरुवातीलाच माफी मागून घेते. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, आणि ऱ्हस्व-दीर्घ कुठं द्यायचं ते मला अजून उमगलेलं नाही. शाळा चौथीपर्यंत झाली. पाचवीची पुस्तकं घ्यायच्या ऐवजी आईनं मला निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत नेलं. तिथं बोटांना जी सवय लागली ती पेन धरायची नव्हती. तरी वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं.

आमच्या गल्लीतल्या वाचनालयाच्या बाई दिवाळीला हातानं लिहिलेला अंक काढतात. या वर्षी ज्यानं त्यानं आपल्या कामाबद्दल लिहायचं आहे, तुम्हीही लिहा, म्हणाल्या. मी नको म्हटलं. चारचौघांत माझं नाव आलं तरी माझ्या तोंडाला कोरड पडते. पण घरी येऊन वही काढली. अंकाला द्यायची की नाही ते अजून ठरलेलं नाही.

माझं काम सांगितलं की लोक आधी हसतात. काही घरांत दोन-तीन कॉम्प्युटर असतात, वायरीनं किंवा वायफायनं एकमेकांना जोडलेले. एकातलं दुसऱ्यात बघता येतं, एकावरून दुसऱ्याचा प्रिंटर चालतो. मग एक दिवस पहिला दुसऱ्याकडं गेला की दुसरा आत घेत नाही. पडद्यावर इंग्रजीत दोन शब्द येतात, कनेक्शन रिफ्यूज्ड. म्हणजे नकार. असं झालं की मला बोलावतात. त्यातही लिनक्सवर चालणारे कॉम्प्युटर असले तरच. लिनक्स म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी मूळ यंत्रणा, फुकट मिळते, जुन्या मशीनवरही चालते. दुसऱ्या यंत्रणेतलं मला फारसं कळत नाही आणि कळतं असं मी सांगतही नाही.

हे मी हौसेनं शिकले नाही. एका माणसाच्या लेकीच्या लग्नाचं सगळं चित्रण माझ्या एका शब्दानं पुसलं गेलं. त्याचे त्रेचाळीस हजार रुपये परत करायचे होते, म्हणून शिकले. आणि त्या माणसाला मी एक खोटं सांगितलं होतं. ते पैशांपेक्षा जड झालं.

आमच्या घरी फोटो स्टुडिओ आहे. स्टुडिओ म्हणजे पुढची खोली. आमचे हे लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ काढतात. रोल होते तेव्हा अल्बममध्ये फोटो चिकटवायचं काम माझ्याकडं होतं. पुढं कार्डं आली, तेव्हा कार्डातलं कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचं, गिऱ्हाइकाच्या नावानं ठेवायचं आणि ते आलं की दाखवायचं, हे माझ्याकडं आलं. पण गिऱ्हाईक आपला पेनड्राइव्ह घेऊन येणार आणि त्यातून मशीनला रोग लागणार, असं दर महिन्याला चालायचं. शेवटी शेजारच्या आप्पांनी तिन्ही मशीनवर लिनक्स घातलं.

आप्पा टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. घर जैनांचं, पिढीजात तंबाखूचा व्यापार, पण यांना लहानपणापासून वायरींचं वेड. मराठी आणि कानडी दोन्ही सारख्याच तिखटपणे बोलतात. त्यांनी आमच्याकडं अशी मांडणी केली: पुढचं मशीन गिऱ्हाइकाला दाखवायला, मधलं आमच्या यांना व्हिडिओ जोडायला आणि कोठीतलं सगळं साठवायला. कोठीतल्याला पडदा नाही, कीबोर्ड नाही. ज्वारीच्या पिंपाशेजारी फळीवर नुसता काळा डबा. त्याच्या आत बघायचं तर पुढच्या मशीनमधून वायरीनं जायचं.

"ह्ये आमच्या थोरल्या सुनंगत हाय," आप्पा म्हणाले होते. "तोंड दाखवत न्हाय, पर घर तिच्यावर चालतंय."

तीन वर्षांपूर्वी आमचे हे दसऱ्याला बेळगावला कामावर होते. आप्पा हुबळीला लेकीकडं गेलेले. घरी मी एकटी. आमच्याकडं खंडेनवमीला कामाची सगळी हत्यारं पुजतात. वखारीत तराजू पुजायचे, माझ्या भावाच्या घरी कोयता आणि मोटरपंप, आमच्यात कॅमेरे आणि मशीन. मी तिन्ही कॉम्प्युटर बंद केले, वायफायचा डबाही बंद केला, वायरी काढून पुसल्या, हळदीकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. पुजलेल्या हत्याराला सोनं वाटून होईपर्यंत हात लावायचा नाही. तोवर ती विश्रांती घेतात. ही पद्धत मी अजून पाळते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आपट्याची पानं देऊन-घेऊन झाली आणि मी मशीन लावली. आधी मधलं लावलं, कारण यांनी फोनवर त्यातलं काहीतरी विचारलं होतं. मग कोठीतलं, मग पुढचं. पुढच्यावरून कोठीत जायला बघितलं तर नकार. तेव्हा मला इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण हे आधी कधी न आलेले शब्द आहेत एवढं कळलं. बंद करून लावलं. परत तेच.

मला वाटलं, ओल्या फडक्यानं पुसलं तेव्हा हळद आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कंडक्टरअण्णांची लेक सुजाता फोटो निवडायला येणार होती. तिचं लग्न जूनमध्ये झालेलं, लगेच नवऱ्याबरोबर लांब गेली, ती सणालाच येणार होती. फोटो निवडल्याशिवाय अल्बम होत नाही, म्हणून त्यांचं सगळं काम तसंच कोठीत पडून होतं. कार्डं तर कधीच रिकामी करून पुढच्या लग्नांना वापरलेली. पैसे मात्र अण्णांनी सगळे आधीच दिलेले. ते निपाणी-बेळगाव बसवर कंडक्टर आहेत, सुट्टे राहू देणारा माणूस नाही.

आमच्या यांचा फोन लागेना. आप्पांना लावला. दोनदा वाजला आणि मीच बंद केला. सणाचा दिवस, माणूस लेकीच्या सासरी बसलेला, आपल्या मशीनपायी त्याला कशाला उठवायचं? हा माझा स्वभाव. या स्वभावाची किंमत मी पुढं तीन वर्षं भरली.

सकाळी लवकर बसस्टँडजवळच्या एका दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्यानं कोठीतल्याला पडदा जोडला. काळ्यावर पांढरी अक्षरं आली, नाव आणि परवलीचा शब्द विचारू लागली. मला तो ठाऊक नव्हता, पुढच्या मशीनमधून न विचारताच आत जाता यायचं.

"आक्का, ह्ये लिनक्स-बिनक्स आमच्याकडं चालत न्हाय," तो म्हणाला. "पुसून नवीन भरून देतो, तासाचं काम. आत महत्त्वाचं काय हाय का?"

"लग्नाचे फोटो हाईत."

"दुसरीकडं कुठं हाईत का?"

मी पुढच्या मशीनवर बघितलं. सुजाताच्या लग्नाचे सगळे फोटो ओळीनं दिसत होते, अंगठ्याच्या नखाएवढे. हळदीचे, देवकाचे, मंडपातले. मला वाटलं, दिसतात म्हणजे इथं आहेत.

"हाईत की ह्यात," मी म्हणाले.

"मग भरू?"

"भरा."

पुढच्यात फोटो नव्हतेच. कोठीतले फोटो लवकर दाखवता यावेत म्हणून फोटो दाखवणाऱ्या प्रोग्रामनं त्यांच्या छोट्या नकला करून ठेवल्या होत्या. खिडकीतून दिसणारं घर आपल्या हातात असतं का? पण हे मला तासाभरानं कळलं, जेव्हा सुजातानं पहिल्याच फोटोवर बोट ठेवून "मोठा करा की काकू" म्हटलं आणि पडद्यावर नुसते रंगीत चौकोन आले. दुसरा तसाच. पंधरावा तसाच. व्हिडिओचं तर नावच नाही.

कंडक्टरअण्णा दारापाशी उभे होते, ड्यूटीच्या कपड्यात. "काय झालं?" म्हणाले.

"मशीन बिघडलं," मी म्हणाले.

एवढेच दोन शब्द. पुसायला मी सांगितलं, हे बोलले नाही.

ते आत आले, खुर्चीवर बसले. ओरडले नाहीत. "मी अक्षता टाकल्या न्हाईत," म्हणाले. "आचारी आन मंडपवाला गॅसच्या टाकीवरनं भांडाय लागलते. त्यास्नी सोडवाय गेलतो. परत आलो तर वाजंत्री सुरू. लेकीच्या डोक्यावर अक्षता पडताना मी न्हवतोच. म्हटलं, व्हिडिओत बघू की, कुठं जातोय त्यो."

"बाबा, चला," सुजाता म्हणाली.

"थांब. आक्का, माफी-बिफी नको. पैसे परत पायजेत. सगळं."

"देते," मी म्हणाले.

आमचे हे आले, ऐकलं आणि चार दिवस हिशेबाची वही घेऊन बसले. पाचव्या दिवशी म्हणाले, "कॅमेऱ्याचे हप्ते चालू हाईत. धंद्यातनं एकदम निघायचं न्हाय." आणि ते खरंच होतं. निपाणीत अशी बातमी चालत नाही, पळते. त्या सीझनला आमची चार लग्नं दुसरीकडं गेली.

आप्पा हुबळीहून आले. मी सगळं सांगितलं, फोन बंद केल्याचंही. त्यांनी मधलं मशीन उघडून बघितलं, वायफायचा डबा बघितला आणि कपाळावर हात मारला.

"आक्का, मशीन बिघडलंच न्हवतं."

मग त्यांनी मला समजावलं. ते इथं लिहिते, कारण माझं सगळं काम यावरच उभं आहे. घरातल्या प्रत्येक कॉम्प्युटरला वायफायचा डबा एक नंबर देतो, टेलिफोनला असतो तसा. बहुतेक वेळा कायमचा नाही. जो आधी उठतो त्याला पुढचा नंबर. आमच्याकडं कोठीतलं मशीन कायम चालू, म्हणून त्याचा नंबर कधी बदलला नव्हता. खंडेनवमीला सगळंच बंद झालं, डबाही झोपला आणि जुनं विसरला. दुसऱ्या दिवशी मी मधलं आधी उठवलं, त्यानं कोठीतल्याचा नंबर घेतला. पुढचं मशीन जुन्याच नंबरवर हाक मारत होतं. दार मधल्यानं उघडलं आणि म्हणालं, ते काम इथं होत नाही.

"फोन लावला आन कोण उचललंच न्हाय, तर माणूस घरात न्हाय न्हाईतर वायर तुटलीया," आप्पा म्हणाले. "पर उचलून 'हितं कोण न्हाय त्यो' म्हटलं, तर वायर चांगली हाय, घर चांगलं हाय. नंबर चुकलाय, न्हाईतर ज्याचं काम त्यो जाग्यावर न्हाय. न्हाय म्हणायलासुद्धा जित्तं मशीन लागतंय, आक्का. तुमचं थोरलं मशीन कोठीत शांत बसून हुतं, सगळं पोटात घिऊन. त्याला कुणी इचारलंच न्हाय."

मी त्या दिवशी जेवले नाही.

"माझीबी चूक हाय," आप्पा थोड्या वेळानं म्हणाले. "त्येचा नंबर मी बांधून ठेवाय पायजे हुता. आज करू, उद्या करू म्हणत ऱ्हायलं." त्यांनी डिस्क बेळगावला एका माणसाकडं पाठवली. दीड महिन्यानं तो हात टेकून मोकळा झाला. दुरुस्तीवाल्यानं पुसल्यावर वर नवीन बरंच काही भरलं होतं.

पैसे कसे फेडायचे, याचा रस्ता आप्पांनीच काढला. त्यांनी बऱ्याच घरी लिनक्स घालून दिलं होतं, पण गुडघ्यांमुळं त्यांना बस चढवत नव्हती. फोन यायचे, ते शिव्या देत फोनवर सांगायचे, लोकांना कळायचं नाही. "तुमी जावा," म्हणाले. "मी हितनं सांगतो, तुमी हात चालवा."

"मला इंग्रजी येत न्हाय, आप्पा."

"मला येतंय म्हणून काय उजेड पडलाय? अक्षरं वळखाय शिका. वखारीत पानाची जात हातानं वळखत हुतासा न्हवं?"

तशी मी शिकले. आधी शब्द चित्रासारखे वहीत काढले. ज्या ओळीच्या शेवटी रिफ्यूज्ड येतो ती एक, ज्यात टाइम्ड आऊट येतो, म्हणजे कुणी उचललंच नाही, ती दुसरी. हळूहळू अक्षरं लागली. आता वाचते, अर्थ नाही लागला तर विचारते. पहिले सहा महिने कानाला फोन लावून आप्पांचं एकेक अक्षर ऐकत टाइप करायचे. घरातले लोक बघत बसायचे. घामानं माझा पदर भिजायचा.

एक गोष्ट माझ्या बाजूनं पडली. घरांत कॉम्प्युटर कुठं असतात? झोपायच्या खोलीत, देवघराशेजारी, स्वयंपाकघराच्या माळ्यावर. दुपारी घरात बायकाच असतात. पुरुष दुरुस्तीवाला आला की अवघडतात. मी गेले की चहा ठेवतात आणि खरं काय ते सांगतात. खरं काय ते कळलं की अर्धं काम होतं. बेळगावजवळच्या कंग्राळीत एका सूनबाईंचं मशीन चार दिवस नकार देत होतं. त्या घरून ऑफिसचं काम करायच्या. नवऱ्यानं सगळं तपासलं होतं म्हणे. मी विचारलं, लाईट कधी गेली होती? "बुधवारी गेलती की, लई येळ." आणि हे कधीपासून? "बुधवारपासनंच." आत येणाऱ्याला दार उघडणारा एक प्रोग्राम असतो. तो हातानं सुरू केलेला होता. लाईट गेल्यावर मशीन पुन्हा उठलं, पण दार उघडणाऱ्याला कुणी उठवलं नव्हतं. मशीन उठलं की तूही ऊठ, असं त्याला एकदा सांगून ठेवावं लागतं. बहुतेक ठिकाणी एवढंच असतं.

बेळगावातल्याच अनगोळच्या एका प्राध्यापकांनी मला दारातच विचारलं, "तुमचं शिक्षण कुठलं?"

"निपाणीचं," मी म्हटलं आणि आत गेले. खोटं काही बोलले नाही.

त्यांनी दोन दिवस पुस्तकं वाचून प्रयत्न केले होते. मला अर्धा तास सगळं समजावून सांगितलं. मी मान डोलवत होते. त्यांचा प्रोग्राम चालू होता, नंबर बरोबर होता, तरी नकार. माझ्या वहीत त्याला एक ओळ होती: तो फक्त स्वतःच्याच घरातली हाक ऐकत असेल तर. काही प्रोग्रामांना सुरुवातीला बाहेरचं ऐकायची मुभाच नसते. एक ओळ बदलली, परत चालू केला, झालं.

"हे कोणत्या कोर्सला शिकवतात?" त्यांनी विचारलं.

"कोठीत," मी म्हटलं. ते हसले. त्यांना विनोद वाटला. पैसे मात्र चटकन दिले.

दोन भावांचं घर मी विसरणार नाही. चिकोडीकडचं मोठं व्यापारी घर, खाली थोरला, वर धाकटा. वर्षभर बोलणं बंद, पण इंटरनेट एक आणि प्रिंटर एक, तो वरच्या मशीनला. थोरल्याच्या बायकोनं बोलावलं होतं. "बर्री, कुंद्री," असं कानडीत 'या, बसा' म्हणून बसवलं, मग मराठीत आल्या. "आक्का, वरचं मशीन आमाला घेत न्हाय बघा."

वर गेले. धाकट्याचा लॅपटॉप त्याच प्रिंटरवर छान चालत होता, फक्त खालच्याला नकार. वरच्या मशीनमध्ये एक राखणदार असतो, कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला नाही ते त्याच्या यादीत लिहिलेलं असतं. यादीत एकच ओळ नकाराची होती आणि ती खालच्या मशीनची होती. असं आपोआप होत नाही. मी धाकट्या मालकांकडं बघितलं. ते खिडकीतून बाहेर बघत होते.

"अण्णा, बिघाड काय न्हाय," मी हळू म्हटलं. "कुणीतरी हातानं लिहिलंय."

"ठाव हाय," ते म्हणाले. "मीच लिवलंय."

"मग खाली काय सांगू?"

"मशीन बिघडलंय म्हणून सांगा."

तेच दोन शब्द. मी वही मिटली. "अण्णा, त्ये मी एकदा एका माणसाला सांगिटलंय. अजून फेडतोय बघा आमी. मला जमायचं न्हाय."

त्यांची म्हातारी आई दाराआड ऐकत होती. ती तिथूनच ओरडली, "काड ती ओळ! न्हाईतर मीच खाली सांगतो जाऊन. कागद छापायचाय, हिस्सा न्हाय मागाय लागली ती!" धाकटे मालक अजून खिडकीबाहेरच बघत होते. शेवटी "काडा," म्हणाले. खाली मी एवढंच सांगितलं की आता चालेल. त्यांनी कारण विचारलं नाही. मला वाटतं, त्यांनाही ठाऊक होतं.

बेळगावला जायची बस म्हणजे कंडक्टरअण्णांची बस. आता आमच्या कर्नाटकात बायकांना सरकारी बसला पैसे पडत नाहीत, आधार कार्ड दाखवलं की यंत्रातून शून्य रुपयांचं तिकीट येतं. तीन वर्षं ते मला ओळखतात, माझ्या घरी येऊन बसलेत, पण दर वेळी माझ्यासमोर उभं राहून म्हणायचे, "कार्ड." मी दाखवायचे. ते फोटोकडं बघायचे, माझ्याकडं बघायचे, तिकीट द्यायचे. एक शब्द जास्त नाही.

पहिल्या हप्त्याला मी बसमध्येच पैसे पुढं केले. त्यांनी हात मागं घेतला. "ड्यूटीवर न्हाय. माझ्या खिशात किती हाईत त्ये सकाळीच लिवून द्यायला लागतंय. चेकिंग आलं आन जास्त सापडलं तर नोकरी जाईल. तुमच्यापायी एक गेलंय, आता ह्येबी घालवू व्हय?" मागच्या सीटवरच्या दोघी माझ्याकडं बघू लागल्या. त्यानंतर मी त्यांची तिकिटाच्या पैशांची पिशवी डेपोत भरून व्हायची वाट बघत निपाणी स्टँडच्या बाकावर बसायचे.

पैसे हळूहळू कमी होत गेले. खोटं तेवढंच राहिलं. दर वेळी बाकावर बसून ठरवायचे, आज सांगायचं. ते यायचे, मोजायचे, छोट्या डायरीत लिहायचे आणि जायचे. माझं तोंड उघडायचं नाही. आप्पा एकदा म्हणाले, "पैसे फिटल्यावर सांगा, तवा त्येंचा राग कमी झालेला असंल." मला ते पटलं नाही. पैसे हातात पडल्यावर सांगणं म्हणजे माणसाला बांधून सांगणं, मग त्याला रागावताही येत नाही. पण आधी सांगायचंही धैर्य नव्हतं. असं तीन वर्षं. मला या कामाचा शीण आला तो बसच्या धक्क्यांनी किंवा डोळ्यांनी नाही, या वाट बघण्यानं.

शेवटचे दोन हजार राहिले होते. या वर्षी पावसाळा संपता संपता एका दुपारी मी बाकावर बसले होते. अण्णा डेपोतून आले, टोपी काढून शेजारी बसले. कधी बसत नसत.

"आज शेवटचं हाय न्हवं?" म्हणाले.

मी पाकीट मांडीवरच ठेवलं. "अण्णा, पैसे द्यायच्या आदी एक सांगायचंय. मशीन बिघडलं न्हवतं."

ते माझ्याकडं वळले.

मी सगळं सांगितलं. खंडेनवमी, नंबर बदलल्याचं, फोन दोनदा वाजवून बंद केल्याचं, दुरुस्तीवाल्यानं विचारल्याचं. "तुमचं चित्रण धड हुतं. कोठीत हुतं. पुसू का म्हणून त्यानं इचारलं, मी भरा म्हटलं. आन तुमास्नी मशीन बिघडलं म्हणून सांगिटलं."

कोल्हापूरची गाडी लागली, माणसं धावली, कंडक्टरनं शिट्टी मारली, गाडी गेली. अण्णांच्या बोटांवर तिकिटाच्या यंत्राची काळी शाई होती, ती ते अंगठ्यानं पुसत होते.

"म्हंजे अक्षता त्यात हुत्या," शेवटी म्हणाले.

"व्हय."

"दिसत हुत्या?"

"आमच्या ह्यांनी मंडपाच्या पुढनं घेतलं हुतं. मी कार्ड उतरवताना बघिटलेलं. सुजाता मान खाली घालून हुती. एकदा वर करून तिनं इकडंतिकडं बघिटलं. कुणाला तरी शोधाय लागलती. मग पुन्ना खाली घातली."

त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "मला," म्हणाले.

मला आणखी काही ठाऊक नव्हतं.

"पैलाच सांगिटला असतासा," ते म्हणाले, "तर लई बोललो असतो तुमास्नी. निपाणीभर केलं असतं." मग थांबून, "तीन वर्स त्या मशीनला शिव्या घातल्या मी. उगंच."

त्यांनी हात पुढं केला. मी पाकीट दिलं. त्यांनी नोटा काढल्या, बसमध्ये मोजतात तशा एका हातात धरून अंगठ्यानं मोजल्या, परत उलट्या मोजल्या. डायरी काढून शेवटच्या ओळीत आकडा लिहिला, त्याच्याखाली रेघ मारली आणि पान माझ्यापुढं धरलं. बेरीज त्रेचाळीस हजार होती.

"फिटलं," म्हणाले आणि टोपी घालून घराकडं चालायला लागले.